गावाबाहेरचा मुक्काम

आजचं वचन: मार्क 8:22-26

बेथसैदाच्या आंधळ्याला येशूने आधी हाताला धरून गावाबाहेर नेलं. पहिल्या स्पर्शानंतर त्याला धूसर दिसलं, दुसऱ्यानंतर स्पष्ट.

पाळक डेव्हिड विल्करसन 1958 मध्ये न्यूयॉर्कच्या टोळ्यांतल्या तरुणांकडे गेले. त्यातूनच टीन चॅलेंज ही सेवा उभी राहिली. ब्रुकलिनमध्ये सुरुवातीचे दिवस काढल्यावर व्यसनी पुरुषांना पेनसिल्व्हेनियातल्या शेतावर पाठवत: प्रार्थना, बायबल अभ्यास, अंगमेहनत. जुनी गल्ली लांब, मुक्काम कित्येक महिन्यांचा.

घरचे मात्र महिन्याभरातच विचारतात, “सुटली का?” प्रियांनो, धूसर दिसणं म्हणजे अपयश नव्हे, येशूचं काम अजून चालू आहे. आणि बरं झाल्यावरही त्याने त्या माणसाला घरी पाठवलं, पण गावात जाऊ दिलं नाही.

प्रभू, वाट पाहणाऱ्या घरांना धीर दे. आमेन.