गोंडोला बंद, शिकवणी चालू

दोघांनी मिळून गुलमर्गला स्नोबोर्ड शिकायचं ठरवत असाल, तर हॉटेल आणि बोर्ड नंतर बघा. आधी परतीच्या विमानाअगोदर श्रीनगरच्या दोन रात्री मोकळ्या ठेवा. बहुतेक जण उलटं करतात. उतरल्या उतरल्या दाल लेक, शिकारा, हाउसबोट उरकायची, मग गुलमर्ग, आणि शेवटच्या सकाळी तिथून थेट विमानतळ. हिवाळ्यात हा शुद्ध जुगार आहे. अंतर जेमतेम 50 किलोमीटर. पण वाटेतल्या टंगमर्गच्या वरचा 13 किलोमीटरचा घाट जोराचा बर्फ सुरू झाला की बंद होतो, आणि श्रीनगरची विमानं तर नुसत्या धुक्यानेही अडकून पडतात. जाताना पहिली रात्रही श्रीनगरातच काढा. शहर साधारण 1,585 मीटरवर आहे, गुलमर्ग 2,650 वर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून हजार मीटर उंचीवर तुमचं नुसतं हॉटेल असणार. मध्ये एक रात्र गेली की डोकं सहसा ठणकत नाही.

वाटेबद्दल सांगण्यासारखं काही नाही. विमानाने श्रीनगर, टॅक्सीने टंगमर्ग, पुढे चाकांना साखळ्या बांधलेली जीप. टंगमर्गला गमबूट आणि लांब कोट ‘कंपल्सरी’ म्हणून गळ्यात मारतात. पायात ट्रेकिंगचे बूट असतील तर हसून पुढे व्हा. बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, दोघांपैकी एकाचं तरी पोस्टपेड असू द्या.

कधी जायचं, हा प्रश्न आता पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. 21 डिसेंबरपासूनचे 40 दिवस म्हणजे काश्मीरचा ‘चिल्लई कलान’, थंडीचा सगळ्यात कडक काळ. त्यातच बर्फ पडणार हे गृहीत धरलं जायचं. पण जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गची कुरणं जवळजवळ कोरडी होती, बर्फ आला तो महिना संपता संपता. 2025 साली ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. माझं मत फेब्रुवारीला. ‘ट्युलिपही बघू, बोर्डही करू’ असा मार्चअखेरचा जोडधंदा करू नका. श्रीनगरची ट्युलिप बाग फुलते तेव्हा गुलमर्गच्या खालच्या शिकाऊ उतारांवर चिखल व्हायला लागलेला असतो.

इतिहास हवाच असेल तर उभ्या उभ्या घ्या. जुनं नाव गौरीमार्ग; सोळाव्या शतकात यूसुफ शाह चकने गुलमर्ग केलं. जहांगीर इथे रानफुलं गोळा करायचा म्हणतात. इंग्रजांनी गोल्फ आणला, 1927 साली स्की क्लब काढला. गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा 1998 मध्ये सुरू झाला, दुसरा 2005 मध्ये. हा दुसरा टप्पा माणसाला अफरवत शिखराच्या खांद्यावर, जवळजवळ 3,950 मीटरवर नेऊन सोडतो. रायगडाला रोपवेने जाणाऱ्यांकडे बघून आम्ही दोघं वर्षानुवर्षं नाक मुरडत आलोय. इथे मात्र मुकाट्याने रांगेत उभं राहायचं. बोर्ड पाठीला लावून अफरवत चढणारे असतात, पण ते वेगळे लोक.

आमच्या वेळी ती रांगच लागली नाही. पोचलो त्या रात्री बर्फ सुरू झाला आणि सकाळी गोंडोलाचे दोन्ही टप्पे बंद. खाली टंगमर्गलाच गाड्या अडवलेल्या. आमच्या हॉटेलच्या लॉबीत एक भलामोठा मराठी ग्रुप बुखारीच्या शेगडीभोवती बसून टूर मॅनेजरला फैलावर घेत होता, जणू बर्फ त्यानेच पाडला होता. आम्हीही चहावर चहा पीत तोंड पाडून बसलो होतो. तेवढ्यात आदल्या दिवशी ठरवलेला टंगमर्गचा गाइड दारात हजर झाला, खांद्यावर दोन बोर्ड घेऊन. म्हणाला, “मॅडम, आज ही तो सीखने का दिन है.”

शब्दशः खरं निघालं. एरवी गोल्फ कोर्सजवळच्या त्या छोट्या उतारावर स्लेजवाले, घोडेवाले, फोटोवाले, भाड्याच्या कोटातली कुटुंबं यांची जत्रा असते. दिवसभराच्या सहलीला श्रीनगरहून येणारे सगळे खाली अडकल्यामुळे त्या दिवशी तिथे आम्ही, आणखी दोन-तीन शिकाऊ आणि एक कुत्रा. खेचून वर नेणारी लिफ्ट बंद होती, म्हणून बोर्ड काखेत मारून पन्नास-साठ पावलं चढायचं आणि घसरत खाली यायचं. सह्याद्रीत घासलेले पाय इथे कामी आले. शिवाय शिकाऊ बोर्डवाल्याला ती लिफ्ट नसलेलीच बरी. एक पाय बांधलेला आणि एक मोकळा अशा अवस्थेत दांडीला लोंबकळत वर जाणं हे उतरण्यापेक्षा अवघड असतं, आणि मध्येच पडलात तर मागची सगळी रांग थांबते.

मुख्य फायदा ताज्या बर्फाचा. स्नोबोर्डवर नवखा माणूस दोनच प्रकारे पडतो. पुढे पडला तर हात टेकून मनगट दुखावतो, मागे पडला तर माकडहाड. चार दिवस उन्हाने वितळून रात्री पुन्हा गोठलेला बर्फ फरशीइतका टणक असतो. गुडघाभर भुसभुशीत बर्फात मात्र पडण्याची भीतीच जाते, आणि भीती गेली की निम्मं शिकून होतं. तरीही मनगटाचे गार्ड पुण्या-मुंबईहून घेऊन जा. हेल्मेट तिथे भाड्याने मिळतं, हे गार्ड शोधत फिरावं लागतं. पँट मात्र पूर्ण वॉटरप्रूफच हवी. स्कीइंगवाले उभे राहून विश्रांती घेतात, स्नोबोर्डवाले बसून. दिवसातला अर्धा वेळ बूड बर्फात असतं.

सुरुवात बोर्डवर चढण्याआधीच होते. गाइडने मागून हलकेच धक्का दिला आणि कुठला पाय आधी पुढे पडतो ते पाहिलं. माझा डावा पडला, नवऱ्याचा उजवा. त्याप्रमाणे बाइंडिंग, म्हणजे बूट अडकवायचे पट्टे, फिरवून घेतले. मग बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ बाइंडिंगच्या कडेवर खरवडून काढायचा, कारण बोटभर थर राहिला तरी टाच नीट बसत नाही, पट्टा सैल राहतो आणि पहिल्याच वळणाला पाय हलतो. हे प्रत्येक फेरीला करायचं. कंटाळा येतो, पण करायचं.

पहिले काही तास फक्त टाचेची कड. उताराकडे तोंड, बोर्ड आडवा, टाचा रुतवून उभं राहायचं, चवडे किंचित सैल सोडले की बोर्ड खाली सरकतो, टाचा पुन्हा रुतवल्या की थांबतो. मग त्याच कडेवर डावीकडे-उजवीकडे झोके घेत उतरायचं. दुपारनंतर चवड्याची कड. तोंड डोंगराकडे, पाठ दरीकडे. इथे बहुतेकांची गाळण उडते, कारण आपण कुठे चाललोय ते दिसत नाही. सुळक्यांवर सहज वावरणारा माझा नवरा इथे सारखा आपटत होता, कारण त्याची नजर बोर्डवर. गाइड ओरडत होता, “नीचे मत देखो सर, जहाँ देखोगे वहीं जाओगे!” ते पटायला त्याला अख्खी दुपार लागली. मला चवड्याची कड आधी जमली, आणि हे मी इथे लिहिणार आहे याची त्याला कल्पना होती.

यावरून जोडप्यांसाठी एक कडक सल्ला. एकमेकांना शिकवू नका. एकाला आधीपासून येत असेल तर अजिबातच नको. दोघांचा वेग वेगळा असतो, एक पडत असतो तेव्हा दुसरा खाली उभा राहून थंडीने कुडकुडतो आणि मग सूचना द्यायला लागतो. नवऱ्याने मला एकदाच “गुडघे वाकव ना” म्हटलं, आणि मी त्याच्याकडे एकदाच बघितलं. शक्य असेल तर दोन गाइड घ्या. एकच असेल तर पाळीपाळीने शिका आणि जो थांबलाय त्याने थर्मास उघडून तोंड बंद ठेवावं. शिकायला सलग तीन दिवस तरी धरा. स्कीइंगमध्ये पहिल्या दिवशी बऱ्यापैकी घसरता येतं, स्नोबोर्डमध्ये पहिला दिवस नुसता पडण्यात जातो. पण नंतर बोर्ड पटकन अंगवळणी पडतो. एकाच दिवसासाठी जाणार असाल तर स्लेजवर बसा, त्यातही मजा आहे.

आभाळ मोकळं झाल्यावर पहिला टप्पा सुरू झाला आणि आम्ही कोंगडोरीला, साधारण 3,100 मीटरवर गेलो. तिकिटं आधीच ऑनलाइन काढून ठेवा. स्की-बोर्डवाल्यांचे पास वेगळे असतात, त्यांची चौकशी खिडकीवर करा. वरचा उतार रुंद आणि देखणा आहे, पण खाली येताना मध्ये सपाटी लागते. स्कीवाले काठ्या मारत निघून जातात आणि बोर्डवाला एक पाय सोडवून लंगडत राहतो. म्हणून सपाटीच्या आधी वेग धरून ठेवायचा. दुसऱ्या टप्प्याला बोर्ड घेऊन जाण्याचा मोह दोन्ही कडांवर सलग वळणं घेता येईपर्यंत आवरा. नुसता नजारा बघायला खुशाल जा, गोंडोलानेच परत या.

हे भित्रेपणाचं बोलणं नाही. अफरवतवर गोंडोलाच्या आसपासचा ठरावीक भागच हिमस्खलनाच्या दृष्टीने स्की पेट्रोलच्या देखरेखीखाली असतो. त्याच्या हद्दीच्या दोरीपलीकडचा सगळा डोंगर बेभरवशाचा. फेब्रुवारी 2023 मध्ये इथल्या हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू गेले, फेब्रुवारी 2024 मध्ये एक रशियन. नवशिके नव्हते ते. स्की पेट्रोल हिमस्खलनाची रोजची सूचना काढतं, ती वाचल्याशिवाय आणि बीकन, प्रोब (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायची साधनं), फावडं व स्थानिक गाइड यांच्याशिवाय पलीकडे जायचं नाही. ‘पावडर’चे रील टाकण्यासाठी दोरी ओलांडणाऱ्यांना मी ट्रेकर म्हणत नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पाय सोडून सेल्फी काढणारे ते हेच, फक्त जाकीट महाग.

कोंगडोरीच्या बर्फात नूडल्सचे कप आणि वेफर्सची पाकिटं आपल्याच गाण्यांच्या साथीने पडत होती, हे सांगायला लाज वाटते. आज टाकलेलं उद्याच्या बर्फाखाली झाकलं जातं, म्हणून टाकणाऱ्याला ते दिसत नाही. मे महिन्यात सगळं एकदम वर येतं.

आता श्रीनगर. बोर्डने अंग ठेचून निघाल्यावर हे शहर जितकं आवडतं तितकं एरवी आवडेल का, सांगता येत नाही. बागा हिवाळ्यात उघड्याबोडक्या असतात, त्या सोडा. सकाळी लवकर उठून जुन्या शहरात, आली कदलच्या बाजूला हरीसा खायला जा. मटण आणि तांदूळ रात्रभर मंद आचेवर शिजवून, घोटून एकजीव केलेला असतो. ताटलीत घेतला की वरून कडकडीत तेल ओततात, ते चरचरत पसरतं, आणि गरम गिर्दा रोटीने खायचं. सकाळ उलटायच्या आत भांडं रिकामं होतं. शाकाहारी असाल तर कांदर म्हणजे भट्टीवाल्याच्या दुकानातली ताजी रोटी आणि गुलाबी, खारट नून चाय. पहिला घोट विचित्र लागतो, तिसऱ्यापर्यंत सवय होते.

तिथून पायीच जामा मशीद. देवदाराचे साडेतीनशेहून जास्त खांब, त्यातला प्रत्येक एका अखंड खोडाचा, आणि मधल्या चौकात साठलेला बर्फ. शुक्रवारी नमाजाची मोठी गर्दी असते, तो दिवस टाळा. पुढे झेलमच्या काठावर खानकाह-ए-मौला. बायकांना आतल्या दालनात जाता येत नाही, पण पेपर माशेचं रंगकाम दारातूनही डोळे भरून दिसतं. कोरीवकाम, तांब्याची भांडी, शाली यांची घासाघीस इथल्या गल्ल्यांतच करा, लेकच्या रस्त्यावर नको. मुक्काम हाउसबोटीत घ्यायचा का? हिवाळ्यात नाही. दुखऱ्या अंगाला पक्कं घर आणि गरम पाण्याची हमी हवी. हमाम असलेलं घर मिळालं तर सोनं. खाली लाकूड जाळून तापवलेल्या दगडी फरशीवर पाठ टेकली की माकडहाडाचं दुःख अर्ध्या तासात विसरायला होतं.

सुरक्षेबद्दलही बोलायला हवं. 22 एप्रिल 2025 च्या पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यात गेलेल्या 26 जणांत सहा जण आपल्या महाराष्ट्रातले होते. त्यानंतर काश्मीरमधली बरीच पर्यटनस्थळं बंद करून टप्प्याटप्प्याने उघडली गेली. काय उघडं आहे ते निघण्याच्या आठवड्यात तपासा, घरच्यांशी बोला, मग ठरवा. विमान रद्द झालंच तर जून 2025 पासून कटरा–श्रीनगर वंदे भारत आहे, आणि पुढे जम्मूहून पुण्याला झेलम एक्सप्रेस. वेळ भरपूर लागेल, पण घरी पोचाल.

शेवटी पैशांचं. रोख रक्कम जवळ ठेवा, वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात. दर आधी ठरवा, घासाघीसही करा. पण एकदा ठरलं की गोंडोला बंद आहे म्हणून गाइडचे पैसे कापू नका. त्याचा हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा असतो, आणि बर्फ उशिरा आला तर तेवढाही नाही.