शंका-समाधान : बँकॉकहून अर्ध्या दिवसात तरंगता बाजार

बँकॉकच्या अर्ध्या दिवसाच्या सहलीबद्दल इतकी पत्रे साठली होती, की यावेळची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. इतर ठिकाणांबद्दल विचारणाऱ्यांनी पुढच्या अंकापर्यंत कळ काढावी.

मी आणि यजमान दोघेही निवृत्त. मुलीने बँकॉकची तिकिटे काढून दिली आहेत. हॉटेलवाले एक सहल सुचवतात : सकाळी सातला निघायचे, रेल्वे रुळांवरचा बाजार, मग दाम्नोन सादुआकच्या कालव्यात बोटीची फेरी आणि तरंगता बाजार, दुपारी दोनपर्यंत परत. शेजारचे म्हणतात, हे सगळे पर्यटकांसाठी मांडलेले नाटक आहे. जावे का? – एक वाचक, सांगली

जावे. तुमच्या शेजाऱ्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे आणि कोणते निम्मे ते कळले, की हिरमोड होत नाही.

दाम्नोन सादुआकमध्ये आज होड्यांवर जे विकले जाते त्यात टोप्या, चित्रांचे चुंबक, हत्तीछाप विजारी आणि आंबा-भात हेच जास्त. गिऱ्हाईक बहुतेक परदेशी. शेतकऱ्याने पहाटे भाजी भरून होडी वल्हवत आणायची आणि शेजारच्या होडीतल्या तांदळाशी तिचा सौदा करायचा, तो काळ रस्ते झाले तसा सरला. तेव्हा ‘जुना अस्सल बाजार’ म्हणून जाहिरातीत जे छापतात त्यावर जाऊ नका.

कालवा मात्र अस्सल आहे. थायलंडचे राजे चौथे राम यांच्या कारकिर्दीत १८६६ मध्ये तो खणायला घेतला आणि १८६८ मध्ये खुला झाला. मे क्लोंग आणि था चीन या दोन नद्यांना जोडणारी सुमारे ३२ किलोमीटरची जवळजवळ सरळ रेघ. मग शेतकऱ्यांनी त्याला फाटे काढले. चर खणून निघालेला गाळ दोन्ही अंगांना चढवायचा, त्या उंच वाफ्यावर नारळ, आंबा, पपनस लावायचे आणि चरात पाणी खेळते ठेवायचे. असल्या बागा आजही आहेत. बाजाराच्या गर्दीतून होडी जरा आडबाजूच्या फाट्यात शिरली, की घरांचे मागचे जिने पाण्यात उतरलेले दिसतात, पायरीवर भांडी घासणे चाललेले असते. सहलीतला मोलाचा भाग हाच. म्हणून विचारायचे ते असे, ‘बोटीची फेरी बागांमधून आहे, की फक्त दुकानांपुढून?’

दुसरा प्रश्न क्रमाचा. तुम्हाला सुचवलेल्या सहलीत रुळांवरचा बाजार आधी आहे. हा बाजार मे क्लोंग स्थानकाला लागून भरतो. गाडी दिवसातून चार वेळा येते आणि चार वेळा जाते. सकाळची येण्याची वेळ साडेआठ आणि नंतरची अकरा दहा. सातला बँकॉक सोडून साडेआठची गाडी गाठणे म्हणजे वाहतुकीशी जुगार. जरी गाठली, तरी तिथून दाम्नोन सादुआकला पोचेपर्यंत दहा वाजतात, सगळ्या बसेस उतरलेल्या असतात आणि कालव्यात होडीला होडी घासते. याउलट आधी कालवा केला तर नऊच्या आत पाण्यावर असता, ऊन चढण्यापूर्वी बाहेर पडता आणि अकरा दहाची गाडी सावकाश मिळते. साडेअकराला तीच गाडी परत फिरते, म्हणजे गाडीला वाट देण्यासाठी रुळांवरच्या दुकानांच्या ताडपत्र्या मिटताना एकदा आणि परत एकदा बघायला मिळतात. उलटा क्रम लावणारी कंपनी मिळाली तर शंभर-दोनशे बाट जास्त गेले तरी चालतील. वेळापत्रक बदलू शकते, म्हणून आदल्या दिवशी विचारून घ्या.

आणि रुळांवरच्या बाजाराला नाटक म्हणू नका. गाडीच्या वेळी पर्यटक मोबाइल उंचावून उभे असतात हे खरे, पण चार पावले आत गेलात की गावातल्या बायका रोजची मासळी, मिरच्या, पालेभाजी घेताना दिसतील. त्यांना आपल्याशी काही देणेघेणे नसते. गाडी आली तर फोटोसाठी हात बाहेर काढू नका. डबा आणि माल यांत वीतभरच अंतर असते.

वाटाड्याचे पैसे वाचवावेत म्हणतो. टॅक्सी करून थेट गेलो तर? – नाशिक

बँकॉकपासून अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे, रस्ता चांगला आहे, जाणे अवघड नाही. अडचण शेवटच्या दोन-तीन किलोमीटरवर येते. बाजाराच्या अलीकडे रस्त्यालगत खासगी धक्के आहेत. पुष्कळ टॅक्सीवाले तिथेच गाडी लावून ‘इथूनच बोट घ्यावी लागते’ असे सांगतात, आणि त्या बोटीचे दोन-तीन हजार बाटही मागितले जातात. मुख्य बाजाराच्या धक्क्यावर तीच फेरी याच्या कितीतरी कमी पैशांत मिळते. बाजारात हिंडायला तर बोट लागतच नाही, काठाने पायवाट आहे. तेव्हा नकाशा उघडून गाडी अगदी बाजारापर्यंत न्यायला लावा, नाही तर बँकॉकच्या दक्षिण बसस्थानकावरून व्हॅन पकडा. चौघे असाल आणि घासाघीस जमत असेल तर स्वतः जा. दोघेच असाल तर सहलीचा दर वाजवी पडतो.

आम्ही शाकाहारी, सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. उपाशी राहावे लागेल का? – सोलापूर

राहावे लागणार नाही, पण ‘व्हेज’ या शब्दावर भिस्त ठेवू नका. मांस न घातलेल्या भाजीतही माशाचे पाणी, म्हणजे ‘नाम प्ला’, पडते आणि विकणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत सुकी कोळंबी असते. तुमच्या सासूबाईंसाठी लक्षात ठेवायचा शब्द ‘जे’. हा चिनी बौद्ध परंपरेतला आहार : मांस, मासे, अंडी, दूध नाही आणि कांदा-लसूणही नाही. पिवळ्या झेंडीवर लाल अक्षरांत तो लिहिलेला असतो. चिनी चांद्र पंचांगाच्या नवव्या महिन्यात या आहाराचे नऊ दिवस पाळतात. ते बहुतेक वर्षी आपल्या नवरात्राच्या सुमारासच येतात आणि तेव्हा गेलात तर गल्लोगल्ली या झेंड्या दिसतील. बटाटा-रताळे मात्र ‘जे’ला चालते, म्हणून कंदमुळेही वर्ज्य असतील तर वेगळे सांगावे लागेल.

बाजारात बेधडक खाण्यासारखे : आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात, शहाळे, नारळाचे आइस्क्रीम, केळी, पपनस आणि ‘खनोम क्रोक’. हे तांदळाचे पीठ आणि नारळाचे दूध घालून आप्प्यांसारख्याच खळग्यांच्या बिडाच्या तव्यावर करतात. गरम खा, आतून पातळ असतात, जीभ भाजेल. वरून कांद्याची पात भुरभुरायची रीत आहे, सासूबाईंसाठी आधीच नको म्हणा. केळे घालून केलेल्या रोटीत अंडे असते. होडीवरच्या शेवयांच्या रश्श्याचा वास कितीही छान आला तरी तो तुमच्यासाठी नाही, त्यात डुकराचे किंवा गायीचे मांस असते आणि पुष्कळदा रक्तही.

आईचे गुडघे दुखतात आणि तिला बोट लागते. तिला न्यावे का? – पुणे

कालव्याला लाटा नसतात, त्यामुळे बोट लागण्याची भीती फारशी नाही. लागलीच तर व्हॅन लागेल : जाता-येता दीड-दीड तास, आणि चालक सुसाट. गोळी निघतानाच द्या आणि पुढची जागा मागून घ्या. गुडघ्यांचे मात्र खरे आहे. वल्ह्याची होडी इतकी बुटकी, की जवळपास तळाशी पाय पसरून बसावे लागते, आणि उठताना हाताला धरायला काही नसते. लांब शेपटीची मोटारबोट थोडी बरी. तिच्या मागे मोटारगाडीचे इंजिन आणि त्याला लांबलचक दांड्यावर पंखा बसवलेला असतो. पाणी उथळ असले किंवा शेवाळ आले की दांडा उचलायचा, अशी ती सोय. आवाज कान फाडणारा. पाणी उडते, म्हणून आईला मधल्या फळीवर बसवा आणि जीवरक्षक जाकीट मागून घ्या, आपणहून देतीलच असे नाही. तेही जमणार नसेल तर त्यांना काठावरच्या पायवाटेने हिंडवा. सुट्टी नाणी जवळ ठेवा, स्वच्छतागृहाला लागतात.

माझा मासळीचा धंदा आहे. मला मंदिरे-राजवाडे नकोत, त्यांची मासळी आणि माड बघायचे आहेत. – मालवण

तुमच्या पत्राने फार बरे वाटले. मे क्लोंगला जाच, आणि गाडी गेल्यावर लगेच व्हॅनकडे पळू नका. रुळांमागे पक्का बाजार आहे. तिथे बांबूच्या गोल, उथळ टोपल्यांत दोन-दोन, तीन-तीन मासे माना मोडून बसवलेले दिसतील. तो ‘प्ला थू’, आपल्या बांगड्याचा सख्खा भाऊ, एकाच कुळातला, आकाराने जरा लहान. टोपलीत मावावा म्हणून त्याची मान वाकवतात, मग टोपलीसकट मिठाच्या पाण्यात उकडतात. मे क्लोंगच्या मुखाजवळचा प्ला थू सगळ्या थायलंडमध्ये वाखाणला जातो, आणि मान वाकडी ही त्याची ओळखच होऊन बसली आहे. तळून, कोळंबीच्या खारवलेल्या चटणीबरोबर आणि उकडलेल्या भाज्यांबरोबर खातात. बाजाराजवळच्या साध्या खाणावळीत मागा.

माडांचे म्हणाल, तर या समुत सोंगख्राम प्रांतात नारळाचा गूळ होतो. बहुतेक सहली रस्त्यात एका झोपडीवर थांबतात. लोक दोन मिनिटांत बाहेर पडतात, तुम्ही पडू नका. पोय बांधून, तासून रस गोळा करायची रीत तुमच्या भंडाऱ्यांची माडी काढण्याची पद्धत ज्याने पाहिली आहे त्या माणसाला नवी नाही. फरक पुढचा. रस आंबू नये म्हणून भांड्यात एका तुरट झाडाच्या लाकडाच्या ढलप्या टाकतात आणि सकाळीच मोठ्या कढयांत आटवायला घेतात. गोव्यात माडाचा काळसर गूळ मिळतो, त्याच्याशी चव ताडून पाहा. विकत घेताना एक धरून चाला : दगडासारखा कडक आणि पांढुरका गूळ असेल तर त्यात उसाची साखर मिसळलेली असण्याचा संभव मोठा. निव्वळ माडाचा गूळ उन्हाळ्यात मऊ पडतो, पाझरतो.

शनिवारी किंवा रविवारी सकाळी मोकळे असलात तर जवळचा था खा बाजार पाहा. लहान आहे, होडीतून बागेचा माल आणणारी माणसे तिथे अजून भेटतात. आम्फावाचा बाजार शुक्रवार ते रविवार दुपारनंतर भरतो. तो अर्ध्या दिवसाच्या सकाळच्या सहलीत बसत नाही, कोणी बसवून दाखवला तर शंका घ्या.

खरेदी काय करावी, काय टाळावी? – एक वाचक, नागपूर

नारळाचा गूळ, सुकवलेली फळे, मसाल्याच्या पुड्या घ्या. बुद्धमूर्ती घेऊ नका, तेथील ललित कला विभागाच्या परवान्याशिवाय त्या देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि शोभेच्या वस्तूसारखा बुद्धाचा तुटका मस्तकभाग दिवाणखान्यात ठेवणे थाई माणसाला खुपते. रोपे, बिया, ताजी फळे आणू नका, मुंबईला वनस्पती संगरोधाचे नियम आडवे येतात. बाजारात साप किंवा लाजवंती वानर गळ्यात घालून फोटो काढू देतात, त्या प्राण्यांचे हाल पाहता पैसे देऊ नयेत असे माझे मत. थायलंडमध्ये २०२२ नंतर गांजाची दुकाने उघड्यावर दिसू लागली, गांजा घातलेली बिस्किटे-गोळ्याही. आपल्याकडे तो गुन्हा आहे आणि बँकॉकहून येणाऱ्यांच्या सामानात तो मुंबई विमानतळावर वारंवार पकडला जातो. कोणी ‘हे एवढे पाकीट माझ्या भावाला द्या’ म्हणाले तर नाही म्हणा, ओळखीचा असला तरी.

सहल ठरवताना खरेदीचे थांबे किती, हेही विचारा. रत्नांच्या कारखान्यात पाऊण तास घालवायचा असेल तर सहल स्वस्त का आहे ते कळले.

कामासाठी जातोय. बँकॉकमध्ये एकच सकाळ मोकळी आहे. शंभर किलोमीटर जाववत नाही. – ठाणे

जाऊच नका. शहरातच थोनबुरीचे कालवे आहेत, आणि त्यांची गोष्ट दाम्नोन सादुआकपेक्षा जुनी. चाओ फ्राया नदी पूर्वी इथे मोठा वळसा घालत असे. १५४२ मध्ये अयुथ्याच्या राजाने तो वळसा तोडायला आडवा कालवा खणला. पाणी त्या वाटेने धावू लागले, कालवा रुंदावत गेला आणि आज राजवाडा आणि वाट अरुण हे मंदिर यांच्यामधून वाहते ती ‘नदी’ म्हणजे तोच कालवा. जुना वळसा अरुंद होऊन बँकॉक नोय आणि बँकॉक याय हे कालवे झाले. लांब शेपटीची बोट दीड-दोन तासांसाठी ठरवा, पैसे बोटीचे की माणशी हे चढण्याआधी पक्के करा आणि या दोन कालव्यांतूनच फिरवायला सांगा.

पण त्याआधी, जमल्यास उजाडताना, पाक ख्लोंगचा फुलबाजार गाठा. सनाम चाय मेट्रो स्थानकापासून चालत जाता येते. झेंडूच्या राशी पाहून दादरची आठवण येईल, पण मोगऱ्याच्या कळ्यांच्या हारांची वीण पाहा, तो हात वेगळाच. दाखवण्यासाठी इथे काही मांडलेले नाही, देवळे, हॉटेले आणि टपऱ्यांवरच्या छोट्या देव्हाऱ्यांना लागणारी फुले इथूनच जातात.

निघण्यापूर्वी थायलंडचे डिजिटल आगमनपत्र भरा. १ मे २०२५ पासून ते लागते, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचे असते आणि सरकारी संकेतस्थळावर त्याला एक पैसाही पडत नाही. मोकळी सकाळ शनिवारची किंवा रविवारची असेल तर बोटवाल्याला तालिंग चानच्या तरंगत्या बाजारावर थांबायला सांगा. इतर वारी तो भरत नाही, फुलबाजार मात्र रोज उघडा असतो.