शेजार बघून अर्थ लाव

चि. मुग्धा हिस,


भाषांतराचं काम मिळालं, हे वाचून फार बरं वाटलं. 'रन' या एवढ्याशा शब्दानं पहिल्याच आठवड्यात जेरीस आणलं, असं लिहितेस. त्यानं भल्याभल्यांना आणलंय. १९८९च्या ऑक्सफर्ड कोशात सर्वांत लांब नोंद 'सेट'ची होती. पुढे नव्या आवृत्तीसाठी 'रन' तपासायला घेतला, तेव्हा पीटर गिलिव्हर या कोशकाराचे नऊएक महिने त्या एका शब्दात गेले. २०११मध्ये नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ भरले!

ते पाठ करायच्या भानगडीत पडू नकोस. नव्या बिऱ्हाडाची पारख शेजारपाजाऱ्यांवरून करतात, तशी या शब्दाची कर. वाक्य हाती आलं की कर्ता आणि कर्म आधी बघ. कर्ता नाक असेल, तर ते वाहतं. कपड्याचा रंग असेल, तर तो जातो. डब्यातली साखर असेल, तर ती संपत येते. कर्म कंपनी असेल, तर ती कुणीतरी चालवतं; धोका असेल, तर तो पत्करतं. यांत 'पळणे' एकदाही आलं नाही, हे लक्षात घे.

नामाचंही तेच. बँकेवर 'रन' म्हणजे ठेवी काढून घ्यायला उडालेली झुंबड. कोंबड्यांचा 'रन' म्हणजे त्यांना हिंडायला जाळी लावून राखलेली जागा. नाटकाचा 'लाँग रन' म्हणजे पुष्कळ प्रयोग. तेच दोन शब्द अर्थशास्त्राच्या पुस्तकात आले की दीर्घकाळ.

मजकूर कोणत्या देशातला, तेही विचार. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीत 'रन' करतो, ब्रिटनमध्ये 'स्टँड' करतो. आपलाही उभाच राहतो. तेव्हा अमेरिकेची बातमी मराठीत आणताना त्या बिचाऱ्याला धावायला लावू नकोस. मोज्याचा धागा सुटून उभी रेघ पडली, तर अमेरिकन बाई तिला 'रन' म्हणते, इंग्लंडमधली 'लॅडर'.

अर्थ इतके का वाढले, असं तू विचारलंस. शब्द मुळात धावण्याचा आणि वाहण्याचा. मग यंत्रं आली, आगगाड्या आल्या, आणि त्यांच्याविषयी बोलायला लोकांनी तोंडात असलेलाच शब्द वापरला. संगणक आल्यावर प्रोग्रॅमही त्याच्याच वाट्याला गेला. मराठीत यातलं बरंचसं काम 'चालणे'नं उचललं. घड्याळ चालतं, दुकान चालतं, कोर्टात खटला चालतो, आणि चहाऐवजी कॉफी मिळाली तरी आपल्याला 'चालतं'. म्हणून 'रन' दिसला की 'धावणे'आधी 'चालणे' लावून बघत जा.

क्रिकेटचा मामला निराळा. तिथे आपण सरळ 'धाव' घेतली, आणि चेंडू सीमापार गेल्यावर कुणी पाऊलही न उचलता चार धावा मोजायला शिकलो. शब्दशः भाषांतर वाईटच असतं असं नाही. ते बोलणाऱ्यांच्या तोंडी बसलं की नाही, एवढंच बघायचं.

आता कामाचं सांगते. मोल्सवर्थ यांनी सुरू केलेला आणि थॉमस कँडी यांनी पुरा केलेला १८४७चा इंग्रजी-मराठी कोश अधूनमधून चाळत जा. त्या काळच्या रोजच्या बोलण्यातले, आज मागे पडलेले प्रतिशब्द त्यात सापडतात. वहीत मात्र सुटा शब्द टिपू नकोस. अख्खं इंग्रजी वाक्य उतरव, समोर तुझं मराठी वाक्य लिही आणि ते मोठ्यानं वाच. इंग्रजी न पाहता घरातल्या कुणालाही ते कळलं, तरच पुढे जा.

आणखी एक. 'रन'ला नावं ठेवण्याआधी आपलं 'लागणे' तपासून बघ. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, नाद लागतो, घाटात कुणाला गाडी लागते, आणि सकाळी लवकर उठावंही लागतं. परक्या माणसानं कोशात बघून यांना एकच प्रतिशब्द लावला, तर काय होईल? या महिन्यात 'लागणे'ची तीस वाक्यं लिही, प्रत्येकासमोर त्याचं इंग्रजी मांड आणि मला पाठव. तीस वाक्यांना इंग्रजी क्रियापदं किती लागली, ते मोजून कळव.

तुझी,
आत्या