पुढच्या आठवड्यात नक्की (गीता १७.१५)



काल आपण सतराव्या अध्यायातला चौदावा श्लोक वाचला, शरीराचं तप. आज पंधरावा, वाणीचं तप. गेल्या वर्षी वाचताना इथं आलो तेव्हा मी या श्लोकावर चार ओळी खरडून पुढं सटकलो होतो. जुन्या वाचकांच्या कदाचित लक्षात असेल. तेव्हा घरात नव्या गाडीचं प्रकरण चालू होतं आणि वाणीच्या तपावर लिहायला माझं तोंड नव्हतं. आज लिहितो.

श्लोकाचा सरळ अर्थ असा: बोलणं ऐकणाऱ्याच्या मनात उद्वेग उठवणारं नसावं, ते सत्य असावं, प्रिय असावं, हिताचं असावं, आणि त्याच्या जोडीला स्वाध्यायाचा अभ्यास असावा. याला वाणीचं तप म्हणतात. वाचायला किती सोपं वाटतं! उपवास नाही, पंचाग्नी नाही. नुसतं नीट बोलायचं.

आता गाडीचं. २०२५च्या पाडव्याला आम्ही इलेक्ट्रिक गाडी बुक केली. हौस होतीच, खोटं कशाला बोलू, पण मुख्य कारण बाबा. त्यांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी साडेसहाची शिफ्ट. सेंटर घरापासून लांब आहे. जुनी पेट्रोलची गाडी बारा वर्षांची झाली होती, दर महिन्याला काहीतरी निघायचं. शोरूममधल्या मुलानं सांगितलं, आठ आठवडे, मे अखेर गाडी दारात. मे महिन्याच्या मध्यावर त्याचा फोन आला की एक्स्चेंज बोनस याच महिन्यापुरता आहे, जुनी गाडी आत्ताच जमा करा. गाडी येतेच आहे म्हणून आम्ही जमा केली. सोसायटीची एनओसी काढून पार्किंगच्या भिंतीवर चार्जरसुद्धा बसवून घेतला. बाबा संध्याकाळी खाली फेरी मारायला गेले की त्या चार्जरवरची धूळ रुमालानं पुसून यायचे. भिंतीवर चार्जर, खाली रिकामी जागा. वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न, "गाडी कुठंय?"

मे संपला. मी मेसेज केला की निळ्या खुणा दिसायच्या, उत्तर नाही. दोन दिवसांनी यायचं, "सर, अपडेट देतो." मग, "सर, पुढच्या आठवड्यात नक्की." मग, "सर, गाडी ट्रान्झिटमध्ये आहे." मी इंजिनियर माणूस. गाडी कारखान्यातून निघाली असेल तर तिला चॅसिस नंबर पडलेला असणार, सतरा अक्षर-आकड्यांचा. तो नंबर द्या म्हटलं. १२ जूनची गोष्ट. दिवसभर शांतता, आणि संध्याकाळी एक लांबलचक मेसेज: चीननं निर्यातीवर बंधनं घातली आहेत, मोटारीला लागणारे रेअर अर्थ मॅग्नेट मिळत नाहीत, सगळीकडेच उशीर आहे. हे कारण काही हवेतलं नव्हतं. चीननं एप्रिल २०२५ मध्ये ही बंधनं घातलीच होती आणि पेपरात रोज त्याच्या बातम्या येत होत्या. पण मी नंबर मागितला होता, मला जागतिक राजकारण मिळालं. नंबर नाही म्हणजे गाडी अजून नावावर पडलेलीच नाही, एवढं मला त्या दिवशी कळून चुकलं. (मजा म्हणजे त्याच आठवड्यात कंपनीकडून फोन आला, आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल?)

इथपर्यंतची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांच्या घरात घडली असेल. फ्लॅटचा ताबा असो, इंटरनेटचं कनेक्शन असो, सुतार असो. उशीर माणूस सोसतो. उशिराबद्दल कुणी काही सांगत नाही, ते सोसत नाही.

आषाढी झाल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी धो धो पाऊस होता. पहाटे साडेपाचपासून मी कॅब लावत होतो. एकानं रद्द केली, दुसऱ्यानं रद्द केली, तिसरा "कुठं जायचंय" विचारून गायब. बाबा छत्री घेऊन गेटपाशी उभे. शेवटी रिक्षा मिळाली, पोहोचायला पाऊण तास उशीर झाला. पुढची शिफ्ट ठरलेली, मशीन रिकामं करावंच लागतं. चार तासांचं डायलिसिस त्या दिवशी सव्वातीन तासांत आटोपलं. रविवारपर्यंत बाबांचे पाय सुजले. पाणी मोजून प्यायचं असतंच, त्यांनी आणखी कमी केलं. तक्रार केली नाही. ते करतच नाहीत.

पण मी थांबलो नव्हतो. शनिवारी सकाळीच शोरूमला गेलो आणि त्या मुलावर तुटून पडलो. तेवीस-चोवीसचा असेल. तो मला "सर" म्हणतोय आणि मी "तुला लाज वाटते का" पासून सुरुवात केली. आजूबाजूला लोक गाड्या बघत होते, एका जोडप्याच्या हातात पेढ्याचा बॉक्स होता, सगळे थांबून बघायला लागले. मी जे बोललो त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. त्याचा चेहरा पांढरा पडला. मग तो मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "सर, तुमच्या व्हेरिएंटचं ऑगस्टशिवाय काही नाही हे आम्हाला जूनमध्येच कळलं होतं. पण सांगितलं की लोक कॅन्सल करतात. म्हणून पुढचा आठवडा सांगायचा, असं वरून आहे."

मी म्हटलं, "अरे, जूनमध्ये सांगितलं असतंस तर मी दुसरी सोय केली असती ना."

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण ते मला त्याच संध्याकाळी परत मिळणार होतं.

या श्लोकावर शंकराचार्यांचं भाष्य आहे. ते म्हणतात की हे चारही गुण एकत्र असले तरच ते वाणीचं तप. सत्य आहे पण प्रिय नाही, हिताचं नाही, तर ते तप नव्हे. प्रिय आहे पण सत्य नाही, तरी नव्हे. एक जरी गळला तरी हिशेब फिसकटला. उदाहरण म्हणून त्यांनी दिलेलं वाक्य अगदी घरगुती आहे. बाळा, शांत हो, अभ्यास कर, तुझं भलं होईल, अशा अर्थाचं. मला ते वाचून नवल वाटलं होतं. एवढा मोठा आचार्य, आणि उदाहरण असं, जसं कुणी वडीलधारं माणूस परीक्षेच्या आदल्या रात्री बोलेल.

त्या शनिवारला हे लावून बघा. शोरूमचं "पुढच्या आठवड्यात नक्की" हे प्रिय होतं, उद्वेग होऊ नये म्हणूनच बोललं जात होतं. पण सत्य नव्हतं, आणि म्हणून हिताचंही नव्हतं. माझं बोलणं सत्य होतं, बाकी तिन्ही गायब. आणि हिताच्या दृष्टीनं बघायचं तर त्या मुलाच्या हातात गाडी तयार करणं नव्हतंच, मग मी कुणाचं हित साधत होतो? उद्वेग हा शब्द बाराव्या अध्यायातही येतो, भक्ताच्या लक्षणांत. ज्याच्यापासून लोकांना उद्वेग होत नाही आणि ज्याला लोकांपासून उद्वेग होत नाही, तो देवाला प्रिय. शोरूममध्ये माझे दोन्ही पेपर एकाच वेळी नापास झाले.

घरी आलो. बाबा आरामखुर्चीत पाय वर करून बसले होते. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "काही कळलं का गाडीचं?" आणि माझ्या तोंडात तयारच होतं, "येईल बाबा, पुढच्या आठवड्यात."

अडलं ते तिथं. कारण १२ जूनपासून मला कळलेलं होतं आणि तेव्हापासून प्रत्येक मंगळवारी, प्रत्येक शुक्रवारी मी हेच सांगत होतो. त्यांना वाईट वाटू नये म्हणून. तो मुलगा बुकिंग टिकावं म्हणून सांगत होता, मी प्रेमानं सांगत होतो, एवढाच काय तो फरक. वाक्य तर अक्षरशः तेच.

मी सांगून टाकलं. "बाबा, गाडी ऑगस्टआधी येत नाही. आणि मला महिनाभर अंदाज होता."

ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग तसं सांगायचं ना. मी काय लहान आहे?" आतून आई म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावरचे काका त्यांच्या ओळखीच्या रिक्षावाल्याचं सांगत होते. महिन्याचे पैसे ठरवून नेतो-आणतो, वेळेचा पक्का. यांनीच नको म्हणून सांगितलं. म्हणाले, पुढच्या आठवड्यात आमचीच गाडी येतेय."

म्हणजे त्या पावसात बाबा गेटपाशी उभे होते ते शोरूममुळे जेवढे, तेवढेच माझ्यामुळे. जूनमध्ये सांगितलं असतं तर त्यांनी दुसरी सोय केली असती. माझंच वाक्य.

माउलींनी या श्लोकावर फार सुंदर दृष्टांत दिले आहेत. परीस लोखंडाला कुठं तोडत नाही, त्याचं वजन घटवत नाही, आणि तरी त्याचं सोनं करतो. वाणीनं ऐकणाऱ्याला न दुखवता त्याचं भलं करावं ते तसं. पाणी सोडलेलं असतं झाडाला, पण वाटेतलं गवतही त्यावर जगतं. तसं एकाशी बोललेलं सगळ्यांच्या हिताचं व्हावं. हा गवताचा दृष्टांत मी पूर्वी नुसता छान म्हणून वाचला होता. आता उलटा दिसतो. एका मुलाला वरून सांगितलेलं खोटं माझ्यापर्यंत आलं, माझ्याकडून बाबांकडे, बाबांकडून तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे आणि तिथून त्या रिक्षावाल्याकडे, ज्याचा महिन्याचा धंदा गेला. पाट तोच, पाणी खारं.

याच ठिकाणी माउली असंही सुचवतात की कुणी विचारलं तर असं बोलावं, नाहीतर वेदपठण करावं किंवा नाम घ्यावं. विचारलं तर! इथं विचारूनही उत्तर नाही. कुणी म्हणेल, उत्तर न देणं म्हणजे मौन, ते तर तपच की. पण गंमत अशी की मौन या श्लोकात नाहीच. ते उद्याच्या सोळाव्या श्लोकात आहे, मनाच्या तपात. आचार्य सांगतात की आधी मन आवरलं तर वाणी आवरते, म्हणून मौनाची गणना मनाकडे. निळ्या खुणा दाखवून गप्प बसणं हे मौन नव्हे. मन तर आत धावतच असतं, या माणसाला आता काय सांगू.

हे लिहिताना माझी ऑफिसातली सकाळची मीटिंग डोळ्यासमोर येते. "नव्वद टक्के झालंय." गेली दहा वर्षं मी हे वाक्य म्हणतोय आणि उरलेले दहा टक्के नेहमी पहिल्या नव्वदाइतकेच दिवस खातात. ऐकणाराही इंजिनियर असतो, त्यालाही माहीत असतं. तिथं निदान कुणाचे पाय सुजत नाहीत, असं मी स्वतःला सांगायचो. पण पलीकडे आमच्या तारखेवर विसंबून कुणीतरी काहीतरी ठरवत असणारच, मी त्याला कधी बघितलेलं नाही एवढंच.

सोमवारी मी त्या मुलाला फोन केला. गाडीबद्दलचा मुद्दा मी मागे घेतला नाही, तो रास्तच होता. पण लोकांसमोर, त्या भाषेत बोललो त्याची माफी मागितली. आणि एक विनंती केली, दर शनिवारी एक ओळ पाठव, काही नसलं तरी. त्या शनिवारी आलं, "सर, या आठवड्यात काही नाही." खरं सांगतो मंडळी, तीन महिन्यांतला तो सगळ्यात चांगला मेसेज होता. बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "बरं झालं, पोरगं सुधारलं." कुठलं पोरगं, ते मी विचारलं नाही.

गाडी गणपतीच्या दोन दिवस आधी आली, हिरवी पाटी, त्यावर पांढरी अक्षरं. तो मुलगा तोपर्यंत ती नोकरी सोडून गेला होता. चावी दुसऱ्याच कुणीतरी दिली, फोटो काढला, आणि दहापैकी दहा द्या म्हणाला. बाबांनी चार्जरवरून शेवटचा रुमाल फिरवला आणि मग आईनं गाडीला ओवाळलं.

मंगळवारी मी त्यांना गाडीनं नेतो. शुक्रवारी ते अजूनही त्या रिक्षानंच जातात. महिनाअखेरपर्यंत येतो म्हणून शब्द दिला होता म्हणाले, आणि मग तो महिना संपलाच नाही.

उद्या श्लोक सोळावा, मनाचं तप. राम कृष्ण हरी.