एकटी न जाणारी घोडी

भाकरी का करपली, पानं का सडली, घोडा का अडला? तिन्हींचं एकच उत्तर आपण लहानपणी पाठ केलेलं असतं: न फिरवल्यामुळे. आमची बिजली रोज फिरत होती आणि तरीही अडत होती. सोबत दुसरं घोडं असलं की तिची काही तक्रार नसे. एकटी निघाली की कालव्यावरच्या मोरीपाशी चारी पाय रोवून उभी.

बिजली मूळची माथेरानची. तिथं दस्तुरीच्या पुढे मोटारींना बंदी, त्यामुळे माणसांची बरीच ने-आण घोड्यांवर. त्या कामातल्या घोड्याला दोन आधार असतात: पुढे चालणारं दुसरं घोडं आणि शेजारी दोरी धरलेला घोडेवाला. पाठीवरचा पर्यटक म्हणजे नुसतं बोचकं. बोचक्यानं टाच मारली तर काय करायचं, हे घोड्याला कुणी शिकवलेलं नसतं. कर्जतजवळच्या वाडीवर आल्यावर बिजलीचे दोन्ही आधार एकदम गेले.

ओळखीच्या एका जाणत्या स्वारानं उपाय सांगितला, ‘माजलीय, दोन फटके द्या.’ आणि तो स्वतःच तिच्यावर बसला. मोरीपाशी ती थांबल्यावर त्यानं चाबूक ओढला, त्याच वेळी घाबरून लगामही आवळला. मागून मार, पुढून बंदी. जायला वाट उरली फक्त वर. ती मागच्या पायांवर उभी राहिली, तोल गेला आणि दोघं चारीत पडली. त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं, तिचा गुडघा सोलला. बिजलीच्या लेखी मात्र मोरी खरोखरच धोक्याची आहे हे सिद्ध झालं. तोवर ती मोरीपाशी अडायची, नंतर फाटकातच अडू लागली.

म्हणून फटक्याआधी जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. दातांच्या कडा वाढून गालाला टोचतात, खूर दुखतात, खोगीर बसत नाही. यातलं एकही असेल तर अडणं हा हट्ट नव्हे, दुखण्याची तक्रार आहे. बिजलीचं खोगीर पुढून अरुंद होतं. खांद्यांच्या वरच्या उंचवट्याला दोन्ही बाजूंनी चिमटा बसायचा. खोगीर बदललं तशी निम्मी कुरकुर गेली.

उरलेली निम्मी भीतीची होती आणि ती खाली उतरून काढावी लागली. आधी नुसती दोरी धरून तिच्या खांद्याशी चालायचं, सगळी वाट पायी. मग लांब लगाम लावून तिच्या मागून, जरा एका बाजूनं चालायचं; लाथ पोहोचणार नाही इतकं अंतर ठेवून. घोडीला पुढे कुणी दिसत नाही, पण आवाज ओळखीचा असतो. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक या पायरीनं पडतो आणि नेमकी हीच पायरी लोक कंटाळून गाळतात. त्यानंतर पाठीवर बसायचं, घरातलं कुणीतरी पुढे चालायचं, पुढच्या वेळी शेजारून, मग मागून, मग फाटकापर्यंतच. सोबतीला दुसरं घोडं असेल तर त्यालाही असंच हळूहळू मागे पाडा.

घोडं अडतं ते एकदम नाही. आधी पावलं आखूड होतात, मान वर जाते, दोन्ही कान एकाच जागी टवकारतात. मग पाठ ताठ होते आणि मग पाय रुततात. पावलं आखडली तिथंच पोटरीनं हलकं दाबा. पाय रुतल्यावर फार उशीर झालेला असतो. ती एक पाऊल पुढे आली, अगदी डगमगत का होईना, की दाब त्याच क्षणी सोडा. दाब सुटला की तिला कळतं, आपण केलं ते बरोबर होतं. दाबतच राहिलात तर ती पोटरीला जुमानेनाशी होते.

लगामही आवळू नका. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्याला जवळजवळ ३५० अंश दिसतं. पण कपाळासमोरचं अगदी जवळचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. समोरची वस्तू नीट पाहायला त्याला मान खालीवर करावी लागते. शिवाय उन्हातून सावलीत गेल्यावर त्याच्या डोळ्यांना सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. मोरीवर वडाची दाट सावली होती. भर दुपारी बिजलीला तिथं काळं भगदाड दिसत असणार. सकाळी लवकर निघू लागलो तर तीच मोरी निम्मी सोपी झाली. उभी राहून पाहू द्या तिला, हवा तेवढा वेळ. फक्त घराकडे वळू देऊ नका.

वाटही गोल निवडा, गेल्या वाटेनं परतायचं नको. लांब कुठेतरी उतरून तंग ढिला करा, चरू द्या. घरी पोचल्यावर मात्र लगेच चंदी नको. अंगणात थोडं काम घ्या, मग तोबरा. घर म्हणजे आराम हे गणित असं थोडं बिघडवावं लागतं.

उतरलात की घोडं डोक्यावर बसतं, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. पण घोडी पुढून हलकी होऊ लागली किंवा चारीच्या दिशेनं मागे सरकू लागली, तर खुशाल उतरा, हातानं पलीकडे न्या आणि तिकडे पुन्हा बसा. उतरायच्या आत मागच्या पायांवर उभी राहिलीच तर पुढे झुकून हात मानेवर टाका, लगाम ओढू नका.

बिजली आता एकटी जाते. वाऱ्यानं फडफडणारी निळी ताडपत्री दिसली की अजून थांबते, पाहते, निघते. एकट्यानं निघताना घरी वाट सांगून जा, शिरस्त्राण घाला आणि मोबाइल खोगिराच्या पिशवीत न ठेवता आपल्या खिशात ठेवा. तुम्ही पडलात आणि घोडी घरी गेली तर पिशवीही तिच्याबरोबर जाते.