वाचवणारा मालक होतो का? सिद्धार्थ, बदकाची पिल्ले आणि मैत्रीभावना

 

धम्मवर्गात मुलांसोबत आपण सध्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो आहोत. पहिल्या खंडाच्या पहिल्याच भागात, सिद्धार्थाच्या बालपणीचा स्वभाव सांगताना, बाबासाहेबांनी देवदत्ताच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्ष्याची गोष्ट दिली आहे. ती आपल्या सगळ्यांना पाठ आहे. विहाराच्या भिंतीवर तिचे चित्र असते, बालसंस्कार शिबिरात तिची नाटिका होते. पण मागच्या वेळी चौथीतल्या एका मुलीने विचारले, "काका, वाचवणारा मालक असेल, तर तळ्यावरचे बदकाचे पिल्लू मी वाचवून घरी आणले की ते माझे होईल ना?"

एप्रिल-मेचे दिवस, आपल्यापैकी अनेकांच्या अपार्टमेंटच्या आवारात पावसाचे पाणी साठवायचे तळे, आणि त्यात दहा-बारा पिल्ले मागे घेऊन फिरणारी मॅलार्ड बदके. प्रश्न पुस्तकी नव्हता. 'नाही, इथल्या कायद्याने ते चालत नाही' एवढे उत्तर देऊन मोकळे होता आले असते. पण मग मुले गोष्टही विसरतील आणि कायदाही. म्हणून हा पाठ.

आधी सिद्धार्थाने नेमके काय केले ते क्रमाने पाहा, कारण नाटिकेत आपण हा भाग भरभर उरकतो आणि देवदत्ताच्या भांडणावर येतो. बाबासाहेबांच्या कथनात सिद्धार्थ बाण काढतो, जखम बांधतो, पाणी पाजतो, पक्ष्याला आपल्या उपरण्यात गुंडाळतो आणि ऊब मिळावी म्हणून छातीशी धरतो. रडणे नाही, देवाचा धावा नाही. एकामागून एक कामे आहेत. त्यातली ऊब ही बाब आजही जखमी किंवा पोरक्या पिलाच्या बाबतीत पहिली मानली जाते. गारठलेल्या पिलाला अन्न पचत नाही, म्हणून आधी ऊब आणि मग बाकीचे. पाण्याच्या बाबतीत मात्र आजचे जाणकार वेगळे सांगतात. रानातल्या पिलाच्या चोचीत थेंब सोडू नका, ते श्वासनळीत जाऊन पिल्लू दगावू शकते. गोष्टीतला पक्षी मोठा होता, आपल्या हाती येते ते बहुधा कालपरवा जन्मलेले. दोन्हींत फरक करावा लागतो, आणि धम्म वाचणाऱ्याने तो करावा.

आता मालकीचा मुद्दा. देवदत्ताचा दावा शिकारीच्या नियमाचा होता : ज्याने मारले, त्याची शिकार. सिद्धार्थाने त्या नियमाचा पायाच नाकारला. जो मारू पाहतो तो मालक कसा? हक्क सांगायचाच असेल तर तो रक्षण करणाऱ्याने सांगावा. वाद लवादापुढे गेला आणि निकाल सिद्धार्थाच्या बाजूने लागला. माझ्या मते इथे हक्क म्हणजे सांभाळण्याचा हक्क, पिंजऱ्यात ठेवण्याचा नव्हे. रक्षण संपले की हक्कही संपतो. त्या मुलीला मी एवढेच सांगितले आणि विचारले, "पिल्लू खरोखर संकटात आहे हे तुला कसे कळले?" ती म्हणाली, "एकटे होते."

खरी गोम इथे आहे. वसंतात इथे लोक 'अनाथ' म्हणून उचलून नेतात त्यातली बरीचशी पिल्ले अनाथ नसतातच. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे पाडस गवतात तासन् तास एकटे पडून असते. आई मुद्दाम दूर राहते, कारण पाडसाला वास जवळपास नसतो आणि तिच्या वासाने शिकारी प्राणी तिथे पोचेल. कॉटनटेल सशाची मादी दिवसाकाठी एक-दोनदाच, साधारण पहाटे आणि संध्याकाळी, काही मिनिटे दूध पाजायला येते. आपण दुपारी घरटे पाहतो आणि ठरवतो की आईने टाकून दिले! पंख फुटत आलेले पिल्लू जमिनीवर उड्या मारत असेल तर ते उडायला शिकत असते, आईबाप वरच्या फांदीवर असतात. अशा वेळी उचलणे म्हणजे पळवून नेणेच.

आणखी एक समजूत आपण भारतातून बरोबर आणली आहे आणि इथेही ती घट्ट आहे : माणसाचा हात लागला की पक्षीण पिलाला टाकून देते. हे खरे नाही. घरट्यातून पडलेले, अजून पिसे न फुटलेले पिल्लू हलकेच उचलून परत घरट्यात ठेवावे. कालाम सुत्त आपण दर वर्षी वाचतो. ऐकीव गोष्ट, पूर्वापार चालत आलेली गोष्ट तपासून घ्या असे ते सांगते. ते फक्त देवादिकांच्या कथांना लागू आहे असे कुणी म्हटलेले नाही.

मॅलार्डच्या पिलाचे मात्र थोडे वेगळे. ही मादी रोज एक याप्रमाणे आठ ते तेरा अंडी घालते. सगळी घालून झाल्यावरच उबवायला बसते, म्हणून साधारण २८ दिवसांनी सगळी पिल्ले जवळपास एकाच वेळी बाहेर येतात. एका दिवसाच्या आत ती आईमागे पाण्याकडे चालू लागतात. कावळा-चिमणीच्या पिलासारखी ती घरट्यात बसून राहत नाहीत. त्यामुळे बदकाचे अगदी लहान पिल्लू खरोखर एकटे असेल, आई आसपास दिसत नसेल, ते सारखे ओरडत इकडेतिकडे धावत असेल, तर ते चुकलेले असण्याची शक्यता मोठी. बहुतेक वेळा रस्त्याकडेच्या गटाराच्या जाळीतून पिल्ले खाली पडतात आणि आई वर घिरट्या घालत राहते. तिला हुसकावू नका, ती उडून गेली तर काम अवघड होते. गटाराचे झाकण स्वतः उचलायला जाऊ नका, नगरपालिकेच्या किंवा प्राणी-नियंत्रण विभागाच्या नंबरवर फोन करा. पिल्ले बाहेर आली की आईच्या नजरेच्या टप्प्यात ठेवा आणि लांब व्हा.

आई मेलेली असेल किंवा सापडतच नसेल, तर भोके पाडलेले पुठ्ठ्याचे खोके, त्यात मऊ कापड, एका बाजूला कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली. अंधार आणि शांतता हवी. पाव नाही, दूध तर मुळीच नाही. पोरे भोवती गोळा होऊन फोटो काढत बसली तर पिल्लू भीतीनेच खचते. मग राज्याचा परवाना असलेल्या वन्यजीव-सांभाळ केंद्राला फोन करून लगेच पोचवायचे. १९१८ सालच्या 'मायग्रेटरी बर्ड ट्रीटी ॲक्ट'खाली मॅलार्डसारखा रानपक्षी परवान्याशिवाय घरी पाळता येत नाही. जखमी किंवा पोरका पक्षी केंद्रात नेण्यापुरता हातात घेता येतो. वटवाघूळ, रॅकून, स्कंक, कोल्हा यांच्या पिलांना तर उघडा हात लावूच नका. रेबीजचा धोका असतो, आणि तुम्हाला चावले तर तपासणीसाठी त्या पिलाचाच जीव घेतला जातो.

'पाळू नका' यामागे नुसता कायदा नाही. कोनराड लोरेंझ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये हंसांच्या पिलांवरचे आपले निरीक्षण मांडले. अंड्यातून निघाल्यावर पहिल्या काही तासांत जी हलणारी गोष्ट समोर येते, तिलाच पिल्लू आई मानते. पुढे १९७३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. म्हणजे रानातल्या एकट्या पिलाला तुम्ही हातात वाढवले तर ते तुमच्यावर जीव लावेल हे खरे, पण पुढे त्याला बदकांत बदक म्हणून राहता येणार नाही. केंद्रात म्हणूनच एकट्या पिलाला दुसऱ्या पिलांत सोडतात.

हे सगळे चालू असताना वर्गातल्या एका ज्येष्ठ उपासकांनी एक गोष्ट विचारली, ती टाळून चालणार नाही. ते म्हणाले, "पशुपक्ष्यांची दया आम्हाला फार ऐकवली गेली आहे. चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत होती, आमच्या बापजाद्यांना मनाई होती. मुंग्यांना साखर घालणाऱ्यांनीच आमची सावली टाळली. आता आपण बदके वाचवत बसायचे?" हा राग खरा आहे, आणि २० मार्च १९२७ च्या महाडची आठवण ज्या घरात आहे त्या घरात तो असणारच.

बाबासाहेबांनाही हे सगळे माहीत होते. तरीही त्यांनी तिसऱ्या खंडात सद्धम्माचे निकष सांगताना करुणेवर थांबायला नकार दिला. करुणा म्हणजे माणसांवरचे प्रेम, मैत्री म्हणजे सर्व प्राणिमात्रांवरचे प्रेम, आणि तथागत करुणेच्या पलीकडे मैत्रीपर्यंत गेले, असे ते मांडतात. शिवाय त्याच ठिकाणी प्रज्ञा आणि शील आधी येतात, करुणा आणि मैत्री नंतर. माणसाला वगळून जनावरावर केलेली दया ही मैत्री नव्हेच. मैत्रीत कुणी वगळला जात नाही, म्हणून तर ती मैत्री. त्या उपासकांचे पूर्ण समाधान झाले असे मी म्हणणार नाही, चर्चा चालू आहे.

आता ज्यांना कायद्याने चालणारी, पाळीव बदके घरी हवी आहेत त्यांच्यासाठी. वसंतात पशुखाद्याच्या दुकानात पिवळी पिल्ले विकायला येतात, आपल्यापैकी दोन-तीन घरांनी घेतलीही आहेत. ही बहुधा पेकिन जातीची असतात. मूळची चीनची, १८७३ मध्ये अमेरिकेत आली. मोठी झाली की इतकी जड होतात की उडता येत नाही. चार-पाच महिन्यांनी कंटाळा आला, घाण वाढली, की लोक ती जवळच्या तळ्यात सोडून देतात आणि 'मुक्त केले' असे म्हणतात. पांढऱ्या रंगामुळे लपता येत नाही, उडता येत नाही, आणि तळे गोठले की जायला जागा नाही. आणताना पिल्लू एकटे नव्हते, एकटे आपण केले. 'आणूच नका' हा माझा सल्ला आहे, पण आणलीच असतील तर नीट वाढवा.

माझी आजी गावाकडे खुडूक झालेली कोंबडी टोपलीत भुश्यावर बसवायची. कोंबडीची अंडी २१ दिवस. त्या काळात ती कोंबडीला फारशी उठू द्यायची नाही, दाणापाणी तिथेच, आणि आम्हाला टोपलीजवळ फिरकू द्यायची नाही. तथागतांनी अगदी हाच दाखला दिला आहे. अंगुत्तर निकायाच्या सत्तक निपातात ते सांगतात की आठ, दहा किंवा बारा अंडी कोंबडीने नीट उबवली नाहीत, तर 'पिल्ले सुखरूप बाहेर यावीत' अशी कितीही इच्छा केली तरी ती येणार नाहीत. नीट उबवली असतील तर इच्छा केली नाही तरी येतील. मराठीत 'भावना' म्हणजे मनात उठणारी लहर, पण पालीत भावना म्हणजे वाढवणे, जोपासणे. मैत्रीभावना करतो म्हणजे मन भरून येऊ देतो असे नव्हे, रोज अंड्यावर बसतो.

पिलांसाठी ही ऊब पहिल्या आठवड्यात साधारण ३२ अंश सेल्सिअस, पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्ले पाहा. दिव्याखाली एकमेकांवर चढत असतील तर गारठली आहेत, लांब जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर उकडते आहे. दिवा दोन ठिकाणी पक्का बांधा, भुश्यात पडून आगी लागतात. पाण्याचे भांडे एवढे खोल हवे की चोच नाकपुड्यांसकट बुडेल, पण पिल्लू आत बुडणार नाही. पोहायला घाई नको, आईविना वाढलेले पिल्लू भिजून गारठते. कोंबडीच्या पिलांचे खाद्य चालते, मात्र औषध न मिसळलेले, आणि बदकाला नियासिन जीवनसत्त्व कोंबडीपेक्षा बरेच जास्त लागते. ते कमी पडले की पाय वाकतात. ब्रुअर्स यीस्ट खाद्यात मिसळला तर भागते. एकच पिल्लू कधीही आणू नका. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात देऊ नका, साल्मोनेलाची भीती असते. मोठ्यांनीही हात साबणाने धुवावेत.

आता थोडे अनाथपणाविषयी. सिद्धार्थ सात दिवसांचा असताना महामाया गेली आणि महाप्रजापतीने त्याला वाढवले. पुढे विनयपिटकात, स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या आजारी भिक्खूला तथागत आनंदासह धुतात आणि संघाला विचारतात : तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही, तुम्ही एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? परदेशात आपण सगळे कमीअधिक तसेच आहोत. नुकतेच आलेले विद्यार्थी, नोकरी गेल्याने व्हिसाचे दिवस मोजणारी माणसे, बाळंतपणाला आई येऊ न शकलेल्या मुली. आपल्या मंडळाची डबा आणि रुग्णसेवेची यादी याच कामाची आहे. त्यात सध्या शनिवारसाठी गाडी चालवणारे दोघे कमी आहेत.

पुढच्या वर्गात तिसऱ्या खंडातील सद्धम्माचा भाग वाचायचा आहे. मुलांनी येताना आपापल्या तळ्यावर पिल्ले किती आहेत ते मोजून वहीत लिहून आणावे, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजावे. मोजणी लांबून करायची, आणि पाव घरीच ठेवायचा.