एक बालक, अनेक नोंदी: गरजांचे एकत्रित मूल्यमापन

अंगणवाडी सेविका, आशा, परिचारिका, शिक्षक व पालक यांच्यासाठी अभ्यासपाठ

या पाठासाठी आपण एक काल्पनिक बालक घेऊ. मुलगी, वय दोन वर्षे तीन महिने. वडील नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून दिल्लीस आलेले, बिऱ्हाड मयूर विहार फेज १ मध्ये, घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी. मुलगी चालते, धावते, हवी ती वस्तू हात धरून ओढत नेऊन दाखवते. मात्र ‘आई’ आणि ‘दे’ यांखेरीज तिच्या तोंडी शब्द नाही.

तिच्याविषयी चार ठिकाणी चार गोष्टी ठाऊक आहेत. प्रसूती जेथे झाली त्या रुग्णालयाच्या कागदावर नोंद आहे की, तीव्र काविळीमुळे जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात तिचे रक्त बदलावे लागले. दवाखान्यातील परिचारिकेच्या नोंदवहीत दोनदा कान वाहिल्याचा उल्लेख आहे. अंगणवाडी सेविकेने पाहिले आहे की, बडबडगीताच्या वेळी ही मुलगी इतरांकडे पाहून हात हलवते. पाठीमागून हाक मारल्यास मात्र वळत नाही. आणि घरी आजी म्हणतात, ‘‘हिचा बापही उशिराच बोलला होता.’’ यांपैकी एकही माहिती खोटी नाही. ज्याने त्याने आपापले काम नीट केले आहे. तरीही मुलगी सव्वादोन वर्षांची झाली आणि तिच्या श्रवणशक्तीची तपासणी झालेली नाही, कारण या चार गोष्टी एका टेबलावर कधी आल्याच नाहीत.

बालकाच्या गरजांचे मूल्यमापन म्हणजे केवळ आजाराचे निदान नव्हे. त्याला काय ऐकू येते, काय दिसते, ते काय खाते, कोणाशी खेळते, घरात त्याला सांभाळणारे कोण आहे आणि त्या सांभाळणाऱ्यावर किती भार आहे, हे सर्व त्यात येते. एवढे सारे कोणा एका कर्मचाऱ्याला दिसणे शक्य नाही. डॉक्टरांना बालक दहा मिनिटे दिसते, अंगणवाडी सेविकेला रोज काही तास, आशाताईंना घराच्या उंबरठ्यावर, आणि आईला अहोरात्र. म्हणून मूल्यमापन एकत्रित असावे लागते.

दोन भाषांचा गैरसमज

मयूर विहारसारख्या वस्तीत मराठी, तमिळ, मल्याळम, बंगाली, मैथिली बोलणारी कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. अशा घरांतील मूल उशिरा बोलू लागले की एक उत्तर तयार असते: ‘‘घरात दोन भाषा, म्हणून गोंधळते.’’ हे उत्तर पालकांना दिलासा देते, आणि नेमके तेच घातक ठरते. दोन भाषा ऐकल्यामुळे बालकाचे बोलणे थांबत नाही. त्याचे शब्द दोन्ही भाषांत विभागलेले असतात, एवढेच. म्हणून शब्द मोजताना ‘पाणी’ आणि ‘पानी’, ‘मांजर’ आणि ‘बिल्ली’ हे सर्व धरावेत. दोन्ही भाषा मिळून दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘दूध दे’ अशी दोन शब्दांची जोडणी होत नसेल, तर वाट न पाहता तपासणीस पाठवावे. एका वर्षापर्यंत बाळ ‘बाबा-मामा’ असे बडबडत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, अथवा आधी येत असलेले शब्द बोलेनासे झाले असेल, तर त्याहूनही लवकर.

प्रश्न कोणत्या भाषेत विचारला जातो, यालाही महत्त्व आहे. हिंदीत विचारलेल्या प्रश्नाला मराठी आई पुष्कळदा नुसते ‘‘हाँ जी’’ म्हणते. ‘‘बच्चा ठीक सुनता है?’’ याला ‘‘हो’’ हे उत्तर मिळते. ‘‘स्वयंपाकघरात भांडे पडले तर ही दचकते का?’’ असे तिच्या बोलीत विचारले की ती थांबते आणि आठवू लागते. दवाखान्यात मराठी जाणणारे कोणी नसेल तर आईने विश्वासातील नातेवाईक वा शेजारीण सोबत न्यावी. दुभाष्याचे काम घरातील मोठ्या भावंडाकडे देऊ नये.

यंत्रणा कोठे आहे आणि कोठे तुटते

या कामाची सरकारी चौकट तयार आहे, आणि तिचा आरंभ महाराष्ट्रातच झाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे करण्यात आला. जन्मजात व्यंग, आजार, पोषणद्रव्यांची कमतरता आणि विकासातील विलंब या चार गटांतील स्थितींसाठी जन्मापासून १८ वर्षांपर्यंत तपासणी, अशी त्याची रचना आहे. फिरत्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा जावे, नवजात बालकांची पाहणी प्रसूतिस्थळी कर्मचाऱ्यांनी व घरी आशांनी करावी, आणि शंका आलेल्या बालकास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवावे, असा क्रम ठरलेला आहे. या केंद्रात बालरोगतज्ज्ञ, श्रवण व वाचा तज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आदींनी एकाच छताखाली काम करावे, अशी कल्पना आहे.

रचना चांगली आहे. ती तुटते तेथे, जेथे बालक एका हातातून दुसऱ्या हातात जाते. अंगणवाडीचे खाते वेगळे, दवाखान्याचे वेगळे, शाळेचे तिसरेच. गृहसंस्थेतील मूल खासगी डॉक्टरांकडे व खासगी शाळेत जाते, त्यामुळे पथकाच्या फेरीत ते येतच नाही. लसीकरण पूर्ण असते, परंतु विकासाचे टप्पे कोणी विचारलेले नसतात. याउलट यमुनेच्या खादरात, म्हणजे नदीच्या पूरपात्रात, शेती करणाऱ्या कुटुंबांचा पत्ताच स्थिर नसतो. जुलै २०२३ मध्ये दिल्लीत यमुनेची पातळी २०८.६६ मीटरपर्यंत चढली आणि मयूर विहारलगतच्या खादरातील कुटुंबे रस्त्याकडेच्या तंबूंत आली. अशा वेळी बालकाचे कार्ड भिजले, हरवले, तर त्याचा पूर्वेतिहासही हरवतो. म्हणून माता व बाल संरक्षण कार्डाची प्रत्येक पानाची छायाचित्रे पालकांच्या मोबाइलमध्ये असावीत. आशांनी गृहभेटीच्या वेळी हे काम तेथल्या तेथे करून द्यावे. पाच मिनिटे लागतात.

या कार्डात वाढीचा आलेख, लसीकरण आणि विकासाचे टप्पे एकत्र आहेत. ते लसीचे कार्ड समजून लसीच्या पानापुरतेच उघडले जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

प्रशिक्षण एकाच खोलीत

‘‘कमी शिकलेल्या ताईंना हे कसे जमेल?’’ असा प्रश्न अजूनही विचारला जातो. गडचिरोलीने त्याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत तेथल्याच स्त्रियांना नवजात बालकाची घरी जाऊन काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. बाळाचे वजन करणे, तापमान पाहणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे व उपचार करणे ही कामे त्यांनी केली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने या गावांतील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. आज देशभर आशा ज्या गृहभेटी देतात (रुग्णालयात प्रसूती झाल्यास ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी), त्यांच्या मुळाशी हाच अनुभव आहे. दुसरा धडा मराठवाड्याचा. २००५ मध्ये औरंगाबाद येथे स्थापन झालेल्या राजमाता जिजाऊ मिशनने कुपोषणाच्या प्रश्नावर आरोग्य विभाग आणि महिला व बालविकास विभाग यांना एकत्र काम करावयास लावले.

यावरून प्रशिक्षणाची पद्धत ठरते. सेविकांचे वर्ग वेगळे, आशांचे वेगळे, शिक्षकांचे वेगळे, ही प्रथा सोयीची असली तरी तिच्यात एकमेकींचे काम कळत नाही. तिन्ही गटांना एकत्र बसवावे. वर उल्लेखिलेल्या मुलीसारखे उदाहरण घ्यावे, प्रत्येकीला चिठ्ठीवर एकच नोंद द्यावी, आणि एकमेकींना विचारल्याखेरीज निष्कर्ष काढता येणार नाही अशी अट घालावी. त्यानंतर प्रत्यक्ष बालकाची पाहणी: मागून टाळी वाजवताना हवेचा झोत वा सावली बालकाला जाणवू नये, ही बारीक गोष्ट भाषणाने शिकवता येत नाही. टाळीला मूल वळले म्हणजे त्याला ऐकू येते, असेही मानू नये. खात्री यंत्रावरील चाचणीनेच होते. जन्मवेळची चाचणी चांगली आली असली तरी पुढे शंका आल्यास ती पुन्हा करावी, कारण काही श्रवणदोष नंतर उद्भवतात.

महिन्याची दहा मिनिटे

यासाठी नवी समिती नको. आरोग्य व पोषण दिवशी परिचारिका, आशा व सेविका अंगणवाडीत एकत्र येतातच. काम आटोपल्यावर दहा मिनिटे बसून ज्या दोन-तीन बालकांविषयी कोणालाही शंका आहे, त्यांची नावे घ्यावीत. प्रत्येक बालकासाठी एकच जबाबदार व्यक्ती ठरवावी. ‘आम्ही सर्व पाहू’ याचा अर्थ बहुधा कोणीच पाहत नाही असा होतो. कोठे पाठवले, कोणत्या तारखेला, तेथे काय सांगितले, हे त्या व्यक्तीने कार्डावर लिहावे. खिचडीपूरचे लाल बहादूर शास्त्री रुग्णालय वा गीता कॉलनीतील चाचा नेहरू बाल चिकित्सालय येथे पाठवताना तोंडी सांगू नये. चिठ्ठीवर चारही नोंदी असाव्यात. सारी हकिगत प्रत्येक खिडकीवर नव्याने सांगण्याचे ओझे आईवर पडता कामा नये.

माहिती एकमेकींना देण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी, आणि जेवढी आवश्यक तेवढीच द्यावी. बैठकीतले जिन्यात बोलू नये. याला एक अपवाद आहे. बालकावर अत्याचार होत असल्याची शंका असेल तर संमतीची वाट पाहू नये. १०९८ या क्रमांकावर कळवावे. लैंगिक अत्याचाराबाबत २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे.

आपल्या उदाहरणातील मुलीकडे परत येऊ. तिची चिठ्ठी आशाताईंनी लिहिली, तपासणीची तारीख ठरली. त्या दिवशी कुटुंब गेले नाही, तर फाइलवर ‘गैरहजर’ असा शेरा मारून प्रकरण मिटत नाही. वडिलांची सुट्टी, रिक्षाचे भाडे, धाकट्या बाळाला कोणी सांभाळावे, यांपैकी काय आड आले हे विचारावे आणि दुसरी तारीख घ्यावी. श्रवणदोष आढळल्यास श्रवणयंत्र व वाचा उपचार जितक्या लवकर सुरू होतील तितकी भाषा शिकणे सुकर होते. दोष न आढळल्यास बोलण्याच्या विलंबाची अन्य कारणे तपासावी लागतात, आणि पुढील आरोग्य व पोषण दिवशी तिचे नाव पुन्हा यादीत येते.